रविवारचा रस्ता कोणाचा?

शहराशहरांची तुलना करून त्यांना क्रमांक देण्याची हौस अलीकडे फार बळावली आहे. राहण्यास कोणते शहर उत्तम, भांडवल गुंतवण्यास कोणते, स्वच्छतेत कोणते पुढे, अशी कोष्टके वर्षानुवर्षे प्रसिद्ध होतात आणि ज्या शहराचा क्रमांक वर लागतो तेथील कारभारी दुसऱ्या दिवशी सत्कार स्वीकारण्यास सिद्ध असतात. सायकल चालवण्यास कोणते शहर चांगले, याचेही कोष्टक २०११ पासून युरोपात तयार होत आले आहे. ॲमस्टरडॅम, कोपनहेगन, युट्रेख्त ही नावे त्यात आलटूनपालटून वर दिसतात. सायकलमार्ग किती लांबीचे, सायकली उभ्या करण्याची सोय कशी, अपघात किती, अशा अनेक कसोट्या त्यासाठी लावल्या जातात. त्या गैरलागू आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु एक साधी कसोटी त्यांत सापडत नाही. सहा दिवस पोटासाठी सायकल दामटणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी, कोणत्याही कामाशिवाय, मुलाला पुढच्या दांडीवर बसवून, तीच सायकल निर्धास्तपणे फिरवता येते काय? हौसेच्या सायकलीसाठी शहरांची तुलना करावयाची तर ती या प्रश्नापासून करावी लागेल. तसे केले की कोष्टकाचा क्रम बराच बदलतो.

पाणी, घरे, रोजगार, महागाई असे प्रश्न उभे असताना हौसेच्या सायकलीची चर्चा कशाला, असे एखाद्या कार्यकर्त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण समाजवादी चळवळीचा स्वतःचा इतिहास त्याला वेगळे सांगतो. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःच्या मर्जीचे, ही मागणी घेऊन एकोणिसाव्या शतकात कामगार रस्त्यावर आला तेव्हा त्या शेवटच्या आठ तासांना त्याने चैन म्हटले नव्हते. १८९४ मध्ये बर्मिंगहॅम येथे काही तरुण समाजवाद्यांनी एक सायकल क्लब काढला आणि रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या साप्ताहिकावरून त्याला ‘क्लॅरिअन’ असे नाव दिले. आठवडाभर कारखान्याच्या धुरात कोंडलेली ही मंडळी रविवारी खेड्यापाड्यांतून हिंडत आणि जाताना साप्ताहिकाचे अंक व पत्रके बरोबर नेत. सहल कोठे संपली आणि प्रचार कोठे सुरू झाला हे त्यांनाही सांगता आले नसते. जर्मनीत १८९६ मध्ये कामगारांचा ‘सॉलिडॅरिटेट’ हा सायकल संघ स्थापन झाला. १९२० नंतरच्या दशकात त्याची सभासदसंख्या लाखांत गेली, ओफेनबाख येथे त्याचा स्वतःच्या मालकीचा सायकल कारखाना उभा राहिला, आणि १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच या संघावर बंदी आली. फ्रान्समध्ये १९३६ साली पॉप्युलर फ्रंटच्या सरकारने पगारी रजेचे दोन आठवडे आणि चाळीस तासांचा आठवडा मिळवून दिला, तेव्हा हजारो कामगार जोडपी जोडसायकलींवरून बाहेर पडली. अनेकांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला.

महाराष्ट्राला हे सगळे परके नाही. बाबा आमटे यांच्या प्रेरणेने १९८५-८६ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालेल्या भारत जोडो यात्रेत तरुण-तरुणी सायकलवरच होते. त्या पिढीतील अनेकांना देशाची पहिली ओळख सायकलच्या सीटवरून झाली.

तेव्हा प्रश्न किरकोळ नाही. मोकळा वेळ आणि मोकळा रस्ता यांवर कोणाचा हक्क, असा तो प्रश्न आहे.

या कसोटीवर जगात जे शहर पहिले येते ते श्रीमंत युरोपातले नव्हे. ते कोलंबियाची राजधानी बोगोता हे आहे. १५ डिसेंबर १९७४ रोजी हाइमे ओर्तिस मारिन्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन मोठ्या रस्त्यांवरील मोटारी काही तास थांबवून घेतल्या आणि काही हजार लोक सायकली घेऊन त्या रस्त्यांवर उतरले. मोटारींनी शहर व्यापले जात आहे याचा तो निषेध होता. पण निषेधाचे स्वरूप घोषणांचे नव्हते, खेळाचे होते. १९७६ मध्ये नगर प्रशासनाने या उपक्रमास अधिकृत मान्यता दिली. आज तेथे प्रत्येक रविवारी आणि प्रत्येक सार्वजनिक सुट्टीला सकाळी ७ पासून दुपारी २ पर्यंत सुमारे १२० किलोमीटर लांबीचे रस्ते मोटारींना बंद असतात. वर्षाकाठी असे सत्तरच्या आसपास दिवस होतात. या दिवशी दहा-पंधरा लाख माणसे रस्त्यावर येतात असा अंदाज सांगितला जातो. अंदाज थोडा फुगवलेला आहे असे धरले तरी उरणारी संख्या कोणत्याही भारतीय महानगराला लाजवणारी आहे.

यातील मर्म संख्येत नाही. बोगोताचा उत्तर भाग धनिकांचा आणि दक्षिण भाग गरिबांचा. सोमवार ते शनिवार या दोन शहरांची गाठ पडते ती मालक आणि नोकर म्हणूनच. रविवारी खुले होणारे रस्ते या दोन्ही भागांना जोडून जातात. दक्षिणेकडच्या वस्तीतील गवंडी आपली जुनी, कुरकुरणारी सायकल घेऊन निघतो आणि जेथे तो एरवी कामापुरता जातो त्या भागातून शीळ घालीत जातो. यासाठी नावनोंदणी नाही, प्रवेशशुल्क नाही, छातीवर कंपनीचे नाव छापलेला सदरा घालण्याची अट नाही. वाटेत चाकात हवा भरणारे, पंक्चर काढणारे बसलेले असतात. फळे आणि रस विकणाऱ्यांना त्या दिवसाचा धंदा मिळतो. सारी व्यवस्था नगर प्रशासनाची क्रीडा व मनोरंजन संस्था पाहते.

आणि यासाठी एक इंचही नवा रस्ता बांधावा लागला नाही! कदाचित हेच कारण असेल की भारतीय महापालिकांना बोगोताचे अनुकरण करावेसे वाटत नाही. रस्ता बांधण्याची निविदा निघते, रस्ता बंद करण्याची निघत नाही. ज्या कामात सिमेंट नाही, फरशा नाहीत, दिव्यांचे शोभिवंत खांब नाहीत, त्या कामात रस घेणारा नगरसेवक शोधूनच काढावा लागेल.

बोगोता म्हणजे नंदनवन, असा समज करून घेण्याचे कारण नाही. तेथेही सायकली चोरीला जातात, आठवड्याच्या इतर दिवशी मोटारी आणि बसगाड्या सायकलस्वाराला कडेला रेटतात. रविवारची वेळ अलीकडे ओढून ती गैरसोयीची करण्याचा प्रस्ताव २००७ मध्ये तेथील संसदेत आलाच होता. नागरिकांच्या विरोधापुढे तो टिकला नाही. लोकांनी एकदा चाखलेला हक्क काढून घेणे किती अवघड असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

युरोपातील कथा निराळी, पण तिचा आरंभही सत्ताधाऱ्यांच्या सद्बुद्धीने झालेला नाही. ॲमस्टरडॅम मुळातच सायकलींचे शहर, डच लोकांच्या रक्तातच सायकल, असे सांगून इकडचे अधिकारी सुटका करून घेतात. वस्तुस्थिती अशी की महायुद्धानंतरच्या समृद्धीत तेथेही मोटारींनी रस्ते बळकावले होते. १९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक बालके होती. मुलीच्या अपघाती मृत्यूने हादरलेल्या एका पत्रकाराच्या लेखातून ‘बालहत्या थांबवा’ असे थेट नाव असलेली चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, रस्ते अडवले, खेळ मांडले. त्यातच १९७३ चे तेलसंकट आले, सरकारला रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि ओस पडलेल्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन गेले. त्या काही रविवारांनी जे दाखवले ते शंभर अहवालांनी दाखवता आले नसते. पुढे दहा-वीस वर्षे नेटाने काम झाले आणि आज तेथील दहा वर्षांचे मूल एकटे सायकलवर शाळेत जाते. ज्या शहरात मूल एकटे शाळेत जाऊ शकते तेथे रविवारच्या सहलीसाठी वेगळी योजना आखावी लागत नाही. दार उघडून निघायचे, एवढेच.

त्याच भागातील आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नेदरलँड्स आणि बेल्जियम येथे हौशी सायकलस्वारांसाठी गावोगावच्या वाटा एकमेकींना जोडल्या असून जेथे दोन वाटा मिळतात त्या ठिकाणाला क्रमांक दिलेला असतो. आपल्या दिवसाचे चार-पाच क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत आणि निघावे. नकाशाची गरज नाही. ही पद्धत प्रथम १९९५ मध्ये बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात सुरू झाली. तेथील शेवटची कोळशाची खाण १९९२ मध्ये बंद पडली होती. कल्पना काढली ती ह्यूगो बोलेन नावाच्या खाण अभियंत्याने, आणि त्याला ती सुचली खाणीतील भुयारांच्या क्रमांकांवरून. ज्या खुणांनी खाणकामगार जमिनीखाली वाट काढीत होता त्याच खुणांनी आता माणसे जमिनीवर, उन्हात, मजेने फिरतात. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींवर टोलेजंग मनोरे उभे राहताना पाहिलेल्या मुंबईकर कामगाराला या हकिकतीचा अर्थ उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

चीनचे उदाहरण याच्या अगदी उलट म्हणावे लागेल. १९८० च्या दशकात पेकिंगच्या रुंद रस्त्यांवरून वाहणारा सायकलींचा पूर साऱ्या जगाने छायाचित्रांत पाहिला. पुढे मोटार हे प्रगतीचे लक्षण ठरले आणि त्या पुराला तेथल्या राज्यकर्त्यांनीच बांध घातला. तरीही २०२४ मध्ये हेनान प्रांतात एक विलक्षण प्रकार घडला. चंगचौ येथील चार विद्यार्थिनी जून महिन्यात एका रात्री, केवळ तेथली प्रसिद्ध मोमोंसारखी रसदार कणकेची उकड खाण्यासाठी, पन्नास किलोमीटर दूरच्या काइफंगला भाड्याच्या सायकलींवरून गेल्या. पाहता पाहता त्याची लाट झाली. नोव्हेंबरात एका रात्री लाखाच्या आसपास तरुण त्या रस्त्यावर होते. ना घोषणा, ना मागणी. आरंभी कौतुक करणाऱ्या प्रशासनाने लगेच सायकलमार्ग बंद केले, सायकल कंपन्यांनी शहराबाहेर जाताच आपोआप कुलूप लागेल असा बंदोबस्त केला. वाहतुकीची अडचण खरी होती, हे मान्य. पण कोणाच्याही परवानगीवाचून एकत्र येऊन आनंद करणारी एवढी तरुण माणसे पाहून राज्यकर्ते अस्वस्थ होतात, मग राज्याचे नाव काहीही असो, हेही त्या रात्रीने दाखवून दिले.

भारताकडे वळताना सर्वप्रथम कलकत्त्याचे नाव घ्यावे लागते, कारण तेथील विसंगती सर्वांत उघडी आहे. २०१३ मध्ये तेथील पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलीस बंदी घातली. दूधवाला, वृत्तपत्रे टाकणारा, भाजी वाहणारा, नळ दुरुस्त करणारा, या सर्वांची सायकल एका आदेशाने गुन्हा ठरली. पुढे रस्त्यांची संख्या कमी झाली, पण बंदीचे तत्त्व राहिले. आणि डाव्या विचाराच्या माणसांनी येथे दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये: बंदीची सुरुवात २००८ मध्ये, डाव्या आघाडीच्या राजवटीतच झाली होती. आज त्याच राज्यात सरकार २०१५ पासून शाळकरी मुलामुलींना सायकली वाटत आहे. त्याच महानगराच्या कडेला वसवलेल्या न्यू टाऊनमध्ये सायकलींसाठी नीटनेटके मार्ग आहेत. म्हणजे नव्या वसाहतीत व्यायामासाठी सायकल चालवणाऱ्याला मार्ग, जुन्या शहरात पोट भरण्यासाठी ती चालवणाऱ्याला दंड. अशा शहराला कोष्टकात कोणता क्रमांक द्यावा?

चंदीगडचे आखीव सायकलमार्ग आणि सुखना तलावाची सकाळ यांची वाखाणणी होते, ती रास्तच आहे; तेथे आरंभापासून जमीन होती आणि आराखडाही. गुरगावात १७ नोव्हेंबर २०१३ पासून बोगोताच्या धर्तीवर रविवारी काही रस्ते मोकळे करण्याचा प्रयोग झाला, दिल्लीतही तो गेला. लोकांनी त्याला भरभरून प्रतिसाद दिला. परंतु तो कायम हक्क न होता सोहळा झाला. मंच आला, ध्वनिक्षेपक आले, प्रायोजक आले.

मुंबईची गोष्ट आणखी खेदाची. समुद्राने तिन्ही बाजूंनी वेढलेले, बहुतेक सपाट असे हे शहर. सायकलसाठी याहून अनुकूल भूगोल मागून मिळायचा नाही. या समुद्राच्या काठाने आणि पोटातून गेल्या पंधरा-सोळा वर्षांत तीन अवाढव्य मार्ग झाले. २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०२४ मध्ये खुला होऊ लागलेला किनारी रस्ता आणि त्याच वर्षीचा न्हावा-शेव्याकडे जाणारा अटल सेतू. या तिन्हींवर सायकलीलाच काय, स्कूटरलाही मज्जाव आहे. हजारो कोटी रुपये सार्वजनिक तिजोरीतून गेले आणि त्या पैशाने समुद्रावरची हवा मोटारमालकाच्या नावे करून देण्यात आली. बाकीच्यांसाठी काय केले? वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये एक सायकलमार्ग बांधला गेला. कोठून निघाला आणि कोठे पोचतो हेच कळत नसल्याने तो उभ्या वाहनांखाली गडप झाला, आणि २०२५ मध्ये तो काढून टाकून मोटारींसाठी रस्ता रुंद करण्याचे ठरले. पवई तलावाच्या काठी पाणथळ जागेत भराव घालून सायकलमार्ग बांधण्याचा घाट घालण्यात आला; तो मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला. सायकलचे नाव पुढे करून तलाव बुजवायचा, हा पर्यावरणप्रेमाचा अजब नमुना होता!

मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते मोटारींना बंद करून लोकांना दिले, तेव्हा उपनगरांतील मुले चेंडू, दोऱ्या आणि सायकली घेऊन बाहेर पडली होती. हा उपक्रम एका पोलीस आयुक्ताच्या उत्साहावर अवलंबून होता. ते निवृत्त झाल्यावर उत्साह ओसरला. बोगोतात महापौर आले आणि गेले, रविवार राहिला. मुंबईत आयुक्त गेले आणि रविवारही गेला. तेथे नियम आणि अंदाजपत्रक होते, येथे केवळ एका अधिकाऱ्याची मर्जी होती. एवढे मात्र मान्य करावे लागेल की पश्चिम उपनगरांतील मेट्रोत २०२२ पासून सायकल नेता येते. दहिसरच्या चाळीतील मुलाला अंधेरीपर्यंत सायकल घेऊन जाणे तेवढे तरी शक्य झाले आहे.

आता पुणे. ज्या शहराला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, त्याच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे भोंगे वाजत तेव्हा सायकलींची रांग पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागे. प्राध्यापक सायकलवर, कारकून सायकलवर, परिचारिका सायकलवर, आणि पोराबाळांची हौस भागवायला पेठापेठांतून तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने. मधल्या नळीखालून पाय घालून अर्धे पेडल मारीत सायकल शिकलेली पिढी त्या दुकानांनी घडवली. दुकानदार वहीत नाव लिहून घेई, कारण तो पोराच्या बापाला ओळखत असे. रविवारी डबे बांधून खडकवासला, सिंहगडचा पायथा, जोर असेल तर कात्रजचा किंवा दिव्याचा घाट. बिनखर्चाची ही सहल गरीब-मध्यमवर्ग असा भेद फारसा ठेवीत नसे. मुलींना तर सायकलीने घराबाहेरचे शहर दिले.

हे शहर बदलले ते सायकलचा कंटाळा आला म्हणून नव्हे. स्कूटर आणि मोटारसायकल जेथे तयार होत होत्या ते आकुर्डी-चिंचवड दाराशीच होते; शहर चहू दिशांना पसरत गेले, कामाची जागा घरापासून दूर गेली, आणि बससेवेकडे राज्यकर्त्यांनी पाठ फिरवली. सायकलस्वारापुढे दोनच वाटा उरल्या: हप्त्याने दुचाकी घेणे किंवा जीव मुठीत धरून चालवणे. पुढे मग नेहमीप्रमाणे योजना आल्या. सातारा रस्त्यासारख्या रस्त्यांवर पदपथालगत रंगीत फरशांचे पट्टे बसवले आणि त्यांना सायकलमार्ग म्हटले. त्या पट्ट्यावर विजेची पेटी येते, मग बसथांबा येतो, मग उभ्या मोटारी येतात, आणि चौक आला की पट्टा नाहीसाच होतो. नेमका जेथे सायकलस्वाराला संरक्षण हवे तेथे! २०१७ मध्ये महापालिकेने आठशेहून अधिक किलोमीटरच्या सायकलमार्गांचा आराखडा मंजूर केला. आराखडा चांगला होता, अभ्यासाने केलेला होता. तो कपाटात आहे. त्याच सुमारास कंपन्यांच्या रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली रस्तोरस्ती उभ्या राहिल्या आणि दीड-दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या. जुना दुकानदार वही ठेवीत असे. या कंपन्यांना भ्रमणध्वनी, बँक खाते आणि अनामत हवी होती. ज्या मुलाला सायकलची सर्वाधिक गरज त्याच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते.

आज खडकवासल्याच्या रस्त्यावर रविवारी सहकुटुंब सायकलने जाण्याचे धाडस कोणी करणार नाही. जातात ते पहाटे, काळोखात, शिरस्त्राण घालून, लाल दिवा लावून, मोटारी जाग्या होण्यापूर्वी परतण्याच्या घाईने. या हौशी मंडळींविषयी आकस बाळगण्याचे कारण नाही. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिका खंड ओलांडणारी अतिकठीण शर्यत पूर्ण केली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला अभिमान वाटला. पण पहाटेच्या त्याच रस्त्यावर आणखी एक सायकलस्वार असतो. त्याच्या सायकलला दुधाचे कॅन किंवा पावाची करंडी लटकलेली असते. लाख रुपयांची परदेशी सायकल आणि पाच-सहा हजारांची काळी सायकल एकाच वेळी, एकाच ट्रकच्या दहशतीखाली, एकाच कडेने जातात आणि एकमेकांना ओळख देत नाहीत.

२०२० च्या उन्हाळ्यात ही दरी जितकी स्पष्ट दिसली तितकी क्वचितच दिसली असेल. टाळेबंदीत रोजगार गेलेले मजूर शेवटच्या पैशांतून जुनी सायकल विकत घेऊन हजार-हजार किलोमीटर दूरच्या गावी निघाले होते. त्याच वर्षी शहरांतील सुस्थित घरांत व्यायामाचे साधन म्हणून सायकलींची मागणी इतकी वाढली की दुकानांत माल पुरेना. आणि त्याच वर्षी, ३ जून रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, साहिबाबादच्या ॲटलस कारखान्याचे काम थांबले आणि शेकडो कामगारांना दारावरची सूचना वाचून परत फिरावे लागले.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, मोटार मात्र ५ टक्क्यांकडेही नव्हती. तरीही रस्त्याची मोजणी, रुंदी आणि खर्च ठरतो तो मोटारीवरून. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचे स्वागत केले पाहिजे. त्याच बैठकीत लहान मोटारींवरील कर २८ वरून १८ टक्के झाला, याची बातमी मात्र पहिल्या पानावर होती.

तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेतून हजारो ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकवण्यात आली. कामासाठी तिचा उपयोग झालाच. पण त्यांपैकी अनेकींनी प्रथम बोलून दाखवले ते स्वातंत्र्याचे सुख. शेतमजूर बाईला सायकलवर बसून वारा अंगावर घ्यावासा वाटतो, हे ज्यांना किरकोळ वाटते त्यांनी तिच्या इतर मागण्याही नीट ऐकल्या असतील असे वाटत नाही.

म्हणून पक्षाच्या शहर शाखांनी हा विषय पर्यावरण मंडळांवर सोपवून स्वस्थ बसू नये. मागणी मोठी करण्याचे कारण नाही. प्रत्येक शहरात एक रस्ता, दर रविवारी सकाळी ६ ते १०, मोटारींना बंद. रस्ता निवडताना मात्र दक्षता हवी. नदीकाठचा शोभिवंत तुकडा देऊन प्रशासन मोकळे होऊ पाहील. ते स्वीकारू नये. रस्ता कामगार वस्तीतून निघाला पाहिजे आणि शहराच्या मध्यभागी पोचला पाहिजे. मुंबईत लालबाग-परळहून गिरगाव चौपाटीकडे, पुण्यात हडपसर किंवा येरवड्याहून शनिवारवाड्याकडे, अशा दिशा मनाशी धराव्यात. पहिल्या रविवारी दूधवाले, वृत्तपत्र विक्रेते, सुरक्षारक्षक, कारखान्यांतील कंत्राटी कामगार आपापल्या सायकली घेऊन आले पाहिजेत. पहाटेचे हौशी सायकलस्वारही बोलावले तर येतील. सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना वाटेत बसण्याची परवानगी आणि महापालिकेकडून त्या दिवसाचा मेहनताना मागावा. अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद मागावी, नाहीतर मुंबईप्रमाणे एका बदलीबरोबर सारे संपेल.

दुकानदार विरोध करतील. वाहतूक शाखा मनुष्यबळाचे कारण सांगेल. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा करीत आली आहे. त्या दिवशी दुकाने चालू असतात आणि रस्त्यावर मुले खेळतात. वर्षातून एक दिवस लक्ष्मी रस्त्यावर जे जमते ते दर रविवारी दुसऱ्या एखाद्या रस्त्यावर का जमणार नाही, याचे उत्तर आयुक्तांनी लेखी द्यावे, एवढी मागणी पहिल्या निवेदनात पुरे आहे.